छत्रीवाल्याच्या रांगेत भेटलेली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. झालं असं की मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरखर्च कमी कसा करावा ह्यावर एक लेख आला होता. चांगला होता, टिप्स पण बरोबर होत्या, पण वाचून झाल्यावर मला वाटलं की अहो ज्याला काटकसर करायचीय त्याला टिप्स माहितीच असतात. कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, डाळ आधी भिजत घालायची, हे काय कुणी शिकवायला लागतं का. त्याच्याकडे नसते ती सोबत. आणि त्यावर कुणीच काही लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया. पत्र जरा मोठं होणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय 46, आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी नववीत आहे. घर स्वतःचं आहे आणि त्याचं कर्ज 2019 ला फिटलं. म्हणजे पोटाला चिमटा काढून जगायची आमच्यावर वेळ नाहीये, हे आधीच सांगते कारण सगळ्यांना पहिली शंका तीच येते. गाडी नाही आणि घ्यायची पण नाही, फोन सहा वर्षं झाली तोच आहे, पडदे जुने झाले की त्याच्या उशांच्या खोळी होतात आणि खोळी विरल्या की फडकी. आम्हाला असं राहायला आवडतं. एखादी वस्तू अगदी शेवटपर्यंत वापरली की मला मनापासून बरं वाटतं, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवली की बरं वाटतं, आणि ह्यात मन मारण्यासारखं काही नाहीये. लोक म्हणतात ना, "एवढं मन मारून कशाला राहता", तर नाही हो, आम्ही मनासारखंच राहतोय.

पण हे बोलायचं कुणाशी? ऑफिसात आम्ही पाच जणी डबा एकत्र खायचो, मग एकेक करून सगळ्या बाहेरून मागवायला लागल्या आणि बुधवार म्हणजे हॉटेल असं ठरलं. पहिले दोन-तीन बुधवार गेले मी, नंतर काहीतरी कारण सांगायला लागले. बिल्डिंगमध्ये मुलांचे वाढदिवस हॉलमध्ये होतात, रिटर्न गिफ्ट 300-400 च्या खाली कुणी देत नाही, आम्ही मुलीच्या वाढदिवसाला घरी पावभाजी केली आणि प्रत्येक मुलाला तुळशीचं रोप दिलं तर एक शेजारीण नंतर हळूच विचारते, "सगळं ठीक आहे ना घरात?" तिला खरंच काळजी वाटली असेल, मी वाईट मानलं नाही. पण त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. फोन का नाही बदलत, तर वेळच मिळत नाही. दिवाळीत फिरायला का नाही गेलात, तर ह्यांना सुट्टी नाही. चांगलं वाटत होतं ते करत होते आणि त्याबद्दल चोरासारखं खोटं बोलत होते, अशी चार-पाच वर्षं गेली. हळूहळू बोलावणी कमी झाली. त्यांचंही काही चुकलं नाही, सारखं नाही म्हणणाऱ्या माणसाला कोण किती वेळा बोलावणार.

मग दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी स्टेशनजवळच्या छत्रीवाल्याकडे गेले. पावसाळ्याआधी तो तिथे फूटपाथवर बसतो, काड्या, दांडे, बटणं सगळं एका पत्र्याच्या पेटीत. माझ्या पुढे तिघं होते. एक बाई चार छत्र्या घेऊन आलेल्या, एक काका वडिलांची लांब दांड्याची काळी छत्री घेऊन, आणि एक कॉलेजातला मुलगा. गर्दीची वेळ, सगळे जिन्याकडे पळताहेत आणि आम्ही चौघं एका काडीसाठी उभे. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काय विचारलं माहितीये, "मिक्सर कुठे भरून घेता हो तुम्ही?"

मी हसलेच एकदम, कारण माझा मिक्सर तेव्हा बंद पडून महिना झाला होता. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथला मुलगा उघडून न बघताच म्हणाला, ह्याचे पार्ट आता येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये द्या. मी तो परत घरी आणून ठेवला होता कारण टाकवत नव्हता. त्या बाईंनी मला रेल्वेच्या तिकिटाच्या मागे एक पत्ता लिहून दिला, मार्केटच्या मागच्या गल्लीत एक जण मोटारी भरून देतो, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवीन गुंडाळून देतो, त्याचा. गेले, त्यानी मिक्सर उघडला, कार्बन ब्रश झिजले होते ते बदलले, खालचं कपलर बदललं, 180 रुपये घेतले. आज पण त्याच मिक्सरवर चटणी वाटली मी.

पण मिक्सरपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या बाई. निघताना म्हणाल्या, "मी हे कुणाला सांगत नाही, घरातले हसतात." मी म्हटलं मी पण नाही सांगत. आम्ही दोघी एकमेकींपासून तीन गल्ल्यांवर राहतो आणि दहा वर्षं एकाच गाडीने मुंबईला जात होतो! तेव्हा मला कळलं की अशी माणसं कमी नाहीयेत, ती बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत. उधळपट्टी दिसते, तिचे फोटो असतात. न घेतलेल्या वस्तूचा फोटो कसा काढणार. म्हणून मग मी शोधायला लागले की ही माणसं सापडतात कुठे, आणि सापडली. चांभाराच्या पेटीपाशी चपलेचा अंगठा शिवून घेताना, रफूवाल्याकडे, शाळा सुरू व्हायच्या आधी जुन्या पुस्तकांच्या ढिगात, आणि रिक्षाची रांग सोडून बससाठी उभी असलेली. आमच्याकडे जुनी पुस्तकं देऊन दुसऱ्यांची घ्यायची असं प्रदर्शन भरतं, तिथे तर एका दुपारी तीन घरं ओळखीची झाली. तिथे उभ्या माणसाला आपण कोण कुठले ते समजावून सांगावं लागत नाही. सरळ "हे कुठे दुरुस्त होतं हो?" असं विचारायचं, बोलणं आपोआप सुरू होतं. माझा तरी अनुभव असा आहे की ह्या प्रश्नाला अजून कुणी तोंड फिरवलं नाहीये.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना ह्यात काही विशेषच वाटलं नाही. त्या म्हणाल्या आमच्या वेळी सगळे असेच होते, लपवायचं काय त्यात. त्या लग्नानंतर गिरगावात चाळीत राहायच्या. 1972 च्या आसपास महागाई आणि टंचाई होती तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्या लाटणं मोर्च्यात चाळीतल्या बायकांबरोबर त्या पण गेलेल्या. मग 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, त्याच्यात त्यांच्या चाळीतली आणि मागच्या वाडीतली घरं मिळून एक संघ झाला. महिन्याची यादी सगळ्यांनी मिळून द्यायची, माल एकत्र यायचा, एका घरी उतरवायचा आणि मग सगळ्यांनी बसून तो घराघराचा वेगळा करायचा. किराणा स्वस्त मिळायचा हे खरंच, पण सासूबाई अजून ज्याची आठवण काढतात ती त्या वाटपाच्या संध्याकाळची, कुणाची पोरं कुणाकडे जेवायची, कुणाला ह्या महिन्यात पैसे कमी पडले तर ते न बोलता सांभाळून घेतलं जायचं. पापड लाटायला आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे, वाळवणं गच्चीत एकत्र, भिशी होतीच. काटकसर ही तेव्हा चारचौघांत बसून करायची गोष्ट होती.

मी त्या काळाची उगाच आरती करत नाहीये. सासूबाईच सांगतात की रॉकेलच्या रांगेची त्यांना अजिबात आठवण येत नाही, आणि नळाला पहाटे पाणी यायचं त्याची तर नाहीच नाही. तेव्हा पर्याय नव्हता म्हणून लोक तसे राहायचे, आम्ही पर्याय असताना राहतोय, हा फरक मोठा आहे आणि ज्यांना आज पण पर्याय नाही त्यांच्यापुढे आम्ही काटकसरीच्या गप्पा मारू नयेत एवढं मला कळतं. पण त्यांच्याकडे सोबत होती आणि आमच्याकडे फ्लॅटचा बंद दरवाजा आहे, हे पण खरंच आहे ना.

तर आता आमची अकरा घरं झालीयेत. नाव वगैरे काही ठेवलेलं नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो, चहा असतो, ज्याच्या घरी जे असेल ते खायला. छत्रीवाल्याच्या रांगेतले ते काका एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, रिटायर झालेत, ते स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, सोल्डरिंगचं सामान घेऊन येतात आणि प्रत्येकानी आपली बंद पडलेली वस्तू आणायची. इस्त्रीची वायर, कुकरच्या हँडलचा स्क्रू, टॉर्च, मुलांची खेळणी. सगळं दुरुस्त होतं असं नाही, बंद पडलेले एलईडी बल्ब बरेचदा नाहीच होत. पण आमच्यातल्या तीन बायका आता स्वतः प्लग बदलतात, इस्त्रीची कॉर्ड बदलतात, मी त्यातली एक.

एप्रिल-मे मध्ये आम्ही कल्याणच्या मार्केटमधून वर्षाचा गहू आणि तूरडाळ एकत्र आणतो. टेम्पो एकच, भाडं अकरा जणांत. गहू गच्चीत ऊन देऊन, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाचा पाला घालून भरायचा हे आमच्यात फक्त दोघींना नीट येत होतं, आता सगळ्यांना येतं. शिडी एक आहे, ड्रिल मशीन एक आहे, पंचवीस माणसांचं पातेलं एक आहे, मोठ्या प्रवासी बॅगा दोन आहेत आणि कुठली वस्तू कुणाकडे आहे ते एका वहीत लिहिलेलं आहे. ड्रिल मशीन घरात वर्षातून किती वेळ लागतं सांगा बरं. भिंतीला चार भोकं पाडायला प्रत्येक घरात एकेक मशीन कशाला.

एकदा पंख्यावरून आमच्यात मोठी चर्चा झाली ती सांगते, कारण ती मला फार आवडली. काकांनी हिशोब मांडला. जुना साधा पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, 30 च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर जुना 0.9 युनिट खातो, नवीन 0.36. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ 200 युनिट वाचतात, युनिटला 8 रुपये धरले तरी 1600 रुपये झाले, आणि पंखा येतो 3000 च्या आसपास. दोन वर्षांत वसूल. पण आमच्यातली एक जण म्हणाली, चालणारी वस्तू काढून नवीन आणायची ह्याला काटकसर म्हणायचं का? जुना पंखा भंगारात जाणार, नवीन बनवायला सामान लागणारच. दोघांचं पण बरोबर वाटत होतं. शेवटी आम्ही आमच्या घरी असं केलं की बेडरूमचा पंखा जो रात्रभर चालतो तो बदलला आणि पाहुणे आले की लावतो तो राहू दिला, आणि काढलेला पंखा काकांनी बेअरिंग बदलून ज्यांच्याकडे पंखाच नव्हता अशा एका घरी बसवून दिला. असा दीड तास पंख्यावर मन लावून बोलणारी माणसं मला आधी कुठे भेटली असती!

सगळं गोड गोड आहे असं मात्र समजू नका. एक जोडपं आमच्याकडे सहा-सात महिने येत होतं. हिशोबाला पक्के, बरंच शिकायला मिळालं त्यांच्याकडून. पण एका रविवारी त्यांनी सांगितलं की कामवाल्या मावशींना खाडे धरून पगार कसा कापायचा आणि भाजीवालीकडे अगदी उठायच्या वेळी जाऊन निम्म्या भावात कसं मागायचं. मला राहवलं नाही, मी बोलले. आपण आपल्या खर्चात बचत करायची, दुसऱ्याच्या कमाईत नाही. छत्रीवाल्यानी 40 सांगितले तर 40 द्यायचे, कारण तो तिथे बसतोय म्हणून तर आपली छत्री वाचतेय. ते दोघं नंतर यायचे बंद झाले. मला वाईट वाटलं, अजून वाटतं, जरा वेगळ्या शब्दांत बोलायला हवं होतं. पण मुद्दा सोडायला नको होता असंच मला वाटतं. समविचारी माणसं शोधताना खर्च किती करतात एवढं बघून चालत नाही, पैसा कुठे वाचवत नाहीत ते पण बघावं लागतं.

आणि मुलगी. ती आमच्या रविवारी येत नाही. तिनी स्पष्ट सांगितलंय, "आई, मला तुझ्या ग्रुपमध्ये धरू नकोस." सातवीत असताना जुन्या दप्तरावरून तिला वर्गात कुणीतरी बोललं होतं, ते तिनी मला वर्षभरानी सांगितलं. मी आतून हलले. मी माझ्या आवडीनी निवडलेलं तिच्यावर लादतेय का, हा विचार तेव्हापासून जात नाही. आता आम्ही तिच्या वस्तूंसाठी महिन्याला ठराविक रक्कम तिच्या हातात देतो, त्यात काय करायचं ते तिचं ती ठरवते. दिवाळीत तिनी 2800 चे बूट घेतले. मी काही बोलले नाही, छान आहेत म्हटलं, आणि ते छान आहेतच. ज्या घरांमध्ये मुलं मोठी आहेत त्यांच्याशी मी ह्यावर बोलते, तर प्रत्येकाचा अनुभव वेगळा. निदान विचारायला कुणीतरी आहे आता.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. परदेशात ह्या गोष्टीला आता नाव मिळालंय, ॲमस्टरडॅममध्ये 2009 मध्ये पहिला रिपेअर कॅफे सुरू झाला, जिथे लोक मोडक्या वस्तू आणून जाणकारांबरोबर बसून दुरुस्त करतात, बंगळुरूमध्ये पण असं चालतं. आपल्या केंद्र सरकारनी 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण आपल्याकडे तर हे सगळं दारावर येत होतं! कल्हईवाला यायचा, चाकू-कात्रीला धार लावणारा सायकलवर यायचा, गाद्या पिंजणारा तार छेडत यायचा, बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी द्यायची. हे सगळे गेले कुठे? काम कमी झालं, स्टील आलं, सगळं मान्य. पण आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, "फेरीवाल्यांना प्रवेश नाही". ती पाटी आपणच लावलीय. मग धारवाला येणार कसा आणि कात्री बोथट झाली की आपण नवीन घेणार. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की महिन्यातला एक रविवार सकाळी दहा ते एक, वॉचमनकडे नाव लिहून ह्या लोकांना आत येऊ द्या. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले. पहिल्या रविवारी धारवाला आला तर खाली रांग लागली हो, आणि त्या रांगेत कोण होतं, तर "सगळं ठीक आहे ना घरात" विचारणारी माझी शेजारीण, हातात तीन सुऱ्या आणि आईची विळी घेऊन. ती आता आमचं अकरावं घर आहे.

तर संपादक साहेब, दोन विनंत्या. पहिली वाचकांना, आपापल्या सोसायटीत हा एक रविवार मागून बघा, एकदा नाही म्हणाले तर परत मागा. दुसरी तुम्हाला. तुमच्या पेपरात रोज नवीन फोन, नवीन गाड्या, सेल ह्यांना एवढी जागा असते, ती जाहिरात असते, पेपर त्याच्यावर चालतो, समजतं मला. पण आठवड्यातून एकदा, बारीक अक्षरात असलं तरी चालेल, तुमच्या वाचकांकडून मागवून त्या त्या भागातल्या दुरुस्ती करणाऱ्यांची माहिती छापा. मिक्सरची मोटार कोण भरतो, रफू कोण करतो, स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स अजून कोण बघतो, सुटकेसची चाकं कुठे बदलून मिळतात, खुर्च्या विणणारे कुठे बसतात. त्यांची परवानगी घेऊन अर्थातच. त्यांना गिऱ्हाईक मिळेल आणि त्यांच्यासमोर रांगेत उभी राहणारी माणसं एकमेकांना भेटतील.

छत्रीवाला ह्या वर्षी बसेल की नाही मला माहीत नाही. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तो म्हणाला होता की गुडघे धरलेत, मुलगा डिलिव्हरीच्या कामाला लागलाय, गावी जायचा विचार आहे. मी मे महिन्याच्या शेवटी रोज त्या जिन्यावरून जाताना बघणार आहे. बसला तर त्याला विचारून त्याची जागा आणि वेळ तुम्हाला कळवते, सदर सुरू केलंत तर पहिलं नाव त्याचं घाला.

आपली,
एक वाचक
डोंबिवली (पूर्व)